पिन कोड जिल्ह्याची हद्द का पाळत नाही? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कणकवलीचा पिन ४१६६०२ हा कोल्हापूरच्या ४१६००१ च्या मालिकेतला, तर रत्नागिरीचा ४१५६१२ साताऱ्याच्या ४१५००१ च्या मालिकेतला, जिल्ह्यांची अशी सरमिसळ करणारी पद्धत मुळातच फसलेली असून मी तिचे उगाच कौतुक केले. आपले आकडे बिनचूक आहेत, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

पिन कोड जिल्हा सांगण्यासाठी केलेलाच नाही. टपाल कोणत्या वाटेने पुढे पाठवायचे, एवढेच तो सांगतो. गुवाहाटीत टाकलेले कणकवलीचे पाकीट तिथल्या सॉर्टिंग कर्मचाऱ्याच्या हाती येते, तेव्हा ४ या अंकावरून विभाग, ४१ वरून उपविभाग आणि ४१६ वरून सॉर्टिंग जिल्हा ठरतो. कणकवली घाटावर आहे की घाटाखाली, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते, आणि पत्ता देवनागरीत असला तरी त्याचे अडत नाही. उरलेले ६०२ हे अंक वाटप करणाऱ्या डाकघराचे. हा सॉर्टिंग जिल्हा म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, तेव्हा तळकोकणात रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली ती १९९८ मध्ये. घाटरस्त्यांनी कोल्हापूरशी असलेले दळणवळण ध्यानात घेतले, तर ४१६ मधली ही जोडी मला तरी विचित्र वाटत नाही. (वेलणकर संस्कृतचे साहित्यिकही होते, मराठी माणसांना त्यांचे नाव ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.)

जिल्ह्यांच्या हद्दी बदलत राहतात, हेही विसरून चालणार नाही. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, तरी पालघर गावाचा ४०१४०४ हा पिन तोच राहिला. पहिला अंक ९ असलेले पिन तर सैन्याच्या टपाल सेवेचे, म्हणजे तिथे प्रदेशाचा संबंधच उरत नाही.

आपली तक्रार एका ठिकाणी अगदी रास्त आहे. एखाद्या ऑनलाइन अर्जाने पहिल्या तीन अंकांवरून ‘कोल्हापूर’ हा जिल्हा आपोआप भरला आणि तो बदलूही दिला नाही, तर कणकवलीच्या अर्जदाराची अडवणूक होते. पण हा दोष अर्ज तयार करणाऱ्यांचा आहे. टपालासाठी केलेल्या क्रमांकाकडून त्यांनी रहिवासाचा पुरावा मागितला.

एकाच पिनखाली अनेक गावे येतात आणि त्यामुळे घर सापडत नाही, हा आपला दुसरा मुद्दा. शाखा डाकघरे सहसा आपल्या वरच्या डाकघराचाच पिन वापरतात, त्यामुळे घरापर्यंत पोहोचायला गावाचे व वाडीचे नाव आणि पोस्टमनची माहिती लागतेच. नेमकी जागा दाखवण्यासाठी टपाल खात्याने २०२५ मध्ये दहा अक्षर-अंकांचा डिजिपिन आणला असून तो सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. पिन कोड मात्र त्याने रद्द केलेला नाही, कारण ४१६ ची थैली कुठे पाठवायची हा प्रश्न डिजिपिन आल्यावरही उरतोच.