अस्वल, भालू आणि आर्थ

गेल्या गणपतीत ठाण्याला गेले होते. पाऊस थांबेना, म्हणून दुपारी सात वर्षांच्या भाचीला जवळ घेतलं आणि फोनवर ‘द जंगल बुक’ लावलं. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ते लागायचं, तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या चाळीतली सगळी पोरं शेजारच्या काकूंकडे जमायची. बल्लू पडद्यावर आला तशी भाची ओरडली, “मावशी, भालू!” मी म्हटलं, “अस्वल.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलतेय.

एवढ्या वर्षांनी ती मालिका बघताना मी पुन्हा तितकीच गुंतले. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. लहानपणी तो ऐकला की मी काकूंच्या पलंगामागे जायचे. आता त्या दराऱ्यामागचा एकटेपणाही ऐकू आला. गोष्ट मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची, जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, ५२ भागांची मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, शीर्षकगीत गुलजारांचं. शेरखान आपला मराठी माणूस, तोही बोलला हिंदीत. त्या हिंदीवर माझा राग नाही. माझं बालपण तिच्यात आहे. पण मोगलीला मराठीत बोलायला काय हरकत होती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय २९ जून २०२५ ला मागे घेतले गेले. गणपतीला आलेल्या पाहुण्यांमध्ये अजून तोच विषय होता. विरोध रास्तच होता, मीही त्याच बाजूची. पण बाहेरच्या खोलीत हा वाद चालू असताना आतल्या खोलीत तीन मुलं डोरेमॉन बघत होती, हिंदीत. पहिलीत जायच्या आधीच ती हिंदी शिकून बसली आहेत आणि त्यासाठी कुणाला शासन निर्णय काढावा लागला नाही. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत मराठी घरांतली पोरंसुद्धा खाली खेळताना हिंदीतच भांडतात.

मी वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला राहते. वेल्श ही तिथली मूळ भाषा. ती बोलणारे अख्ख्या वेल्समध्ये जेमतेम ५ लाख ३८ हजार, हा २०२१ च्या जनगणनेचा आकडा. आपण २०११ मध्येच सव्वाआठ कोटींच्या वर होतो. तरी वेल्शला १९८२ पासून स्वतःची वाहिनी आहे, एस-फोर-सी. ती सहज मिळाली नाही. ब्रिटिश सरकार दिलेल्या शब्दावरून फिरलं तेव्हा ग्विन्फर एव्हान्स या नेत्यानं १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला, मग सरकार नमलं. वाहिनी सुरू झाली आणि लगेच मुलांसाठी ‘सुपरटेड’ आलं. कारखान्यात खराब म्हणून टाकून दिलेलं खेळण्यातलं अस्वल, आणि ते वेल्श बोलायचं. बीबीसीवर ते इंग्रजीत नंतर आलं. ‘सॅम तान’ या अग्निशामकाचंही तसंच. माझा मुलगा वेल्श शाळेत जातो, अस्वलाला ‘आर्थ’ म्हणतो. कार्डिफच्या रस्त्यावर इंग्रजीच चालते, हेही खरं. पण चार वर्षांच्या पोराला आवडेल असं काहीतरी त्या भाषेत रोज लागतं, आणि त्यासाठी सरकारी व्यवस्थेतून पैसा येतो.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मला मनापासून आनंद झाला. आता त्यातून एखादं कार्टून निघू दे. नवं बनवणं महाग असेल, तर चांगल्या मालिका विकत घेऊन मराठीत डब करा. गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर उभे राहणारे आपले नट घ्या. मुलांना पाठ्यपुस्तकी मराठी नको. भांडता येईल, चिडवता येईल, लपाछपी खेळता येईल अशी हवी.

कार्डिफला परतल्यावर मी मोगलीचा एक प्रसंग मराठीत वाचून रेकॉर्ड केला आणि भाचीला पाठवला, शेरखानचा आवाज जमेल तसा काढून. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या फोनवरून तिचा निरोप आला. “मावशी, आता अस्वलाचा आवाज काढ. आणि ‘का’ अजगराचा पण.”