मुतखड्यावर चालतो का?

ढोम्याची नुसती डोकी मागितली की कोळीण मावशी विचारते, "मांजर पाळलंय काय?" ते मी सोसते. पण आज सकाळी तिच्या ओट्याच्या कोपऱ्यावर (घरी या कामाला बंदी आहे) चिमटा बाहेर काढला आणि मागे उभ्या एका काकांना कंठ फुटला.

काम तसं साधं. कल्ले उपटायचे, कवटीच्या तळाशी दोन बाजूंना फुगवटे दिसतात ते सुरीच्या टोकाने अलगद फोडायचे आणि आतला कानाचा खडा पडद्यासकट उचलायचा. वरून सुरी घातली की खडाच दुभंगतो. मग पाण्यात चोळून पडदा काढायचा नि कोरडा करून जातीप्रमाणे वेगळ्या कागदात ठेवायचा.

"रत्न आहे का?"
"माशाच्या कानातला खडा. यावरून जात कळते."
"माशांतही आहेच का!" काकांनी सुस्कारा टाकला. "मुतखड्यावर चालतो का, उगाळून? मेहुण्याला पाच एमेमचा आहे."
"नाही."
"पण कॅल्शियमच ना?"
"कॅल्शियम कार्बोनेट. मग खडूच उगाळून पाजा की."
"पांढरा की रंगीत?"

मावशी फिस्सकन हसली. काकांनी मात्र दोन्ही कागदांतले खडे एकाच तळहातावर ओतले आणि जुगाऱ्याने फासे हलवावेत तसे खुळखुळवले.

बाजारात दोन्ही ढोमाच; पण लांबट खडे ओटोलिथिस क्युव्हिएरी या जातीचे, आखूड आणि जाडजूड जॉनियस या गटाचे. एवढं नजरेने परत लागलं. डावं-उजवंही लागतं. ढोम्याच्या खड्यावर आतल्या बाजूला बेडूकमाशासारखा ठसा असतो, डोकं पुढे आणि शेपटी खाली वळलेली. ती बाजू आपल्याकडे धरून शेपटी खाली वळेल असा खडा ठेवला आणि ठशाचं डोकं उजवीकडे आलं, तर कान डावा. पण जॉनियसमधलेच दोन भाऊ, मॅक्रोऱ्हिनस आणि डुसुमिएरी, एकमेकांत मिसळले तर डोळ्यांवर विसंबता येत नाही. फोटो काढून कडेची रेघ मोजावी लागते, तीही सारख्या लांबीच्या माशांची, कारण मासा वाढतो तसा खड्याचा आकारही बदलतो. त्यात एकाचं टोक उडालेलं. म्हणजे लांबी गेली, लांबी-रुंदीचं गुणोत्तरही गेलं.

"एक मोडला तर काय, जोडीचा आहे ना," काका म्हणाले. बहुतेक माशांत डावा-उजवा एकमेकांचं प्रतिबिंबच असतात, त्यामुळे हे बरोबर होतं आणि म्हणूनच जास्त झोंबलं. वर सल्ला, "फॉर्मालिनमध्ये ठेवा, टिकेल." फॉर्मालिन आंबट पडतं आणि खडा हळूहळू विरघळवतं. शिंगाळ्याचंही त्यांनी विचारलं. त्याच्या डोक्यातला मोठा खडा मुळात कानातल्या वेगळ्याच जोडीतला; ढोम्याशी त्याची तुलना करणंच चूक. हे सांगेपर्यंत काका कोलंबीच्या भावाकडे वळले होते.

"एवढं कशाला? सुळे बघ की तोंडातले," मावशी म्हणाली. तिचं खरंच आहे. ओटोलिथिसला सुळे, जॉनियसला नाहीत. अख्खा मासा हातात असेल तर खडे काढायची गरजच नाही. पण घोळ माशाच्या किंवा डॉल्फिनच्या पोटातून निघतो तेव्हा ढोम्याचं तोंड कुठे शिल्लक असतं? उरतात ते खडेच, तेही जठरातल्या आम्लाने कडा झिजलेले. मग कडेपेक्षा आतल्या ठशावर भरवसा ठेवायचा. मत्स्यशास्त्रज्ञ एथेलविन ट्रेवावास यांनी 1977मध्ये या कुळाची मांडणी केली ती असे खडे आणि माशाचा बोत (पोटातली हवेची पिशवी) जुळवूनच.

इतकं असून पकडलेल्या मासळीच्या नोंदवहीत रकाना एकच: ढोमा. लहान चणीच्या जातीतला पुरता वाढलेला मासा तिथे मोठ्या जातीचं पिल्लू ठरतो. त्यावरून वाढीचा वेग काढतात, मग किती सेंटीमीटरखालचा मासा धरू नये ते ठरवतात, आणि जाळ्याच्या आसाचं (छिद्राचं) माप बरोबर की चूक यावर बैठका होतात. बैठकीत चहाबरोबर ढोम्याची भजी असतात. ती कुठल्या जातीची, हे तिथेही कुणी विचारत नाही.