एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. फिरतीवर ऑफिसचे मेल बघायला म्हणून आमच्याकडून फोन घेतलात. मेल तासभर उशिरा येतात, फोनवर आलेले लॅपटॉपवर दिसतच नाहीत, बॅटरी संध्याकाळ गाठत नाही, आणि विकताना आमचा मुलगा नुसतं "सगळं चालतं सर" म्हणाला. "हलका फोन गळ्यात मारला" असंही लिहिलंत. हे शेवटचं सोडून बाकी सगळं मान्य.

मी त्या मुलाला बसवून विचारलं. त्याने तुम्हाला कॅमेरा विचारला, स्टोरेज विचारलं, कव्हरचा रंगसुद्धा विचारला. मेल कुठल्या सर्व्हरवर, म्हणजे मेल साठवणाऱ्या कॉम्प्युटरवर आहे, हे काही विचारलं नाही. खातं जोडताना ॲपने पॉप की आयमॅप असं विचारलं, तर त्याने यादीतलं पहिलं दाबून टाकलं. या मेल आणायच्या दोन पद्धती: पॉप मेल फोनवर उतरवून घेतं, आयमॅप ते सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे दाखवतं. त्याने दाबलं ते पॉप.

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे. पॉपमध्ये नवा मेल आला तरी सर्व्हर स्वतःहून कळवत नाही, फोननेच ठरावीक वेळाने जाऊन "आलंय का काही?" विचारायचं. तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ही वेळ एक तास दिसतेय. त्याच्याखाली, मेल उतरवल्यावर सर्व्हरवरून काढून टाकायची खूणही चालू आहे. मग लॅपटॉपच्या वाट्याला काय उरणार? उशीर नको म्हणून तुम्ही ती वेळ पाच मिनिटांवर आणलीत, आणि बॅटरी झपाट्याने संपायला लागली.

मीटिंगमध्ये फोन टेबलावर पडून होता आणि बाहेर पडल्यावर अकरा मेल एकदम आले, हा प्रकार मात्र वेगळा. २०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून 'डोझ' नावाची सोय आहे. फोन हलत नाही, स्क्रीन बंद, चार्जर लावलेला नाही, असं बराच वेळ राहिलं की फोन ॲप्सची मागची कामं लांबवतो. मेलच्या ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करायचं असतं. तेही आम्ही केलं नाही.

आता 'हलका फोन'. याच्या तिप्पट किमतीचा हँडसेट घेतला असतात आणि त्यात हेच पॉप असतं, तरी मेल असाच तासाने आला असता. "पूर्वी ब्लॅकबेरीवर मेल लगेच यायचा" हे तुमचं बरोबर आहे, पण तो कीबोर्डचा गुण नव्हता. मेल त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेतून थेट फोनवर ढकलला जायचा. त्या जुन्या फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली, तेव्हा कीबोर्डवाला जुना पीस कुणी देऊ केला तर कृपया घेऊ नका. आज तेच काम एक्सचेंजचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-मेल यंत्रणेचं खातं करतं. आयमॅपमध्येही 'आयडल' म्हणून सोय आहे, त्यात नवा मेल आला की सर्व्हर लगेच कळवतो, पण ॲपमध्ये ती हवी.

एक्सेलच्या रुंद शीट दिसत नाहीत म्हणालात. फोनवर त्या बघणं म्हणजे दाराच्या फटीतून घर बघणं, कुठलाही फोन घ्या. रोज बघायच्या असतील तर सिमवाला टॅबलेट घ्या. मी दुकानदार असूनही सांगतो, त्यासाठी मोठा फोन घेऊ नका.

एका बाबतीत मात्र तुमचं नुकसान आमच्यामुळे झालंय. या मॉडेलला सुरक्षा अपडेट आता थोडेच दिवस मिळणार आहेत, ते सांगायला हवं होतं. काही ऑफिसं जुन्या अपडेटचा फोन मेलला जोडूच देत नाहीत. तुमच्या आयटीवाल्यांना एवढं विचारा: खातं एक्सचेंजचं, गूगलचं की साधं आयमॅप, आणि फोनमध्ये ते स्वतःचं वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या कामाचा वेगळा कप्पा, टाकणार का? त्यांच्या अटीत हा फोन बसत नसेल तर पूर्ण किमतीला परत घेऊ.

तोपर्यंत एक विनंती. वैतागून ते खातं फोनमधून काढू नका, ॲपही अनइन्स्टॉल करू नका. सर्व्हरवरून पुसलेले मेल सध्या फक्त तुमच्या फोनमध्ये आहेत. फोन घेऊन दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. आधी तेच खातं आयमॅपने जोडून जुने मेल परत सर्व्हरवर चढवू, ते लॅपटॉपवर उघडून तुम्ही स्वतः बघा, आणि मगच पॉप काढू. या वेळी मी स्वतः बसेन.