मातृभाषा : हिंदी. पुढचा!

शाळेच्या कागदपत्रांत खोटं काय लिहिलं जातं म्हटलं की लोकांना जन्मतारीख आठवते, नाहीतर उत्पन्नाचा दाखला. माझ्या मते सगळ्यात बेफिकिरीनं भरला जाणारा रकाना ‘मातृभाषा’ हा आहे. दाखल खारीज रजिस्टरमध्ये तो आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे, यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या शाळा-माहितीच्या पोर्टलवर प्रत्येक मुलाची माहिती भरतो तिथंही आहे. आणि बहुतेक वेळा तो कोणालाही न विचारता भरला जातो. शाळा मराठी तर मराठी, शाळा उर्दू तर उर्दू, पालक बाहेरचे दिसले तर हिंदी. संपला विषय.

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. कळमना, पारडी, भरतवाडा हा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आमच्या वर्गात कोण बसतं ते सांगायला नको. कळमन्याच्या बाजारात हमाली करणारे, बांधकामावर सेंट्रिंगचं काम करणारे, कामठीकडच्या विटभट्ट्यांवर जोडीनं लागलेले. कोणी राजनांदगाव-दुर्गकडचं, कोणी बालाघाट-सिवनीचं, अलीकडे बिहारचंही. घरात छत्तीसगढी, पोवारी, गोंडी, भोजपुरी. हिंदी शाळा लांब पडते, रस्ता ओलांडायची भीती असते, म्हणून पोट्टे येतात आमच्याकडे.

शाळेत नाव घालतात त्या ऑफिसच्या खिडकीत काय होतं ते एकदा बघा. आमचे बाबू मान वर न करता विचारतात, “हिंदी ना?” समोरची बाई मान डोलावते. पेन हातात असलेल्या माणसानं काहीही विचारलं तरी ती मानच डोलावणार. मी एकदा बाबूंना म्हटलं, भाऊ, ती हिंदी नाही बोलत, छत्तीसगढी बोलते. ते म्हणाले, “मॅडम, एवढ्या मोठ्या यादीत खाली खाली कोण जाते? अन् एकच तर झालं न ते.” बाबूंना तरी काय बोलणार? 2011 च्या जनगणनेत 1 कोटी 62 लाखांवर लोकांनी आपली मातृभाषा छत्तीसगढी म्हणून सांगितली आणि तक्त्यात ती सगळी हिंदीच्या खाती जमा झाली. दिल्लीत जे झालं तेच आमच्या खिडकीत होतं.

यानं बिघडतं काय, असं विचारणारे आहेत. मागच्या काही वर्षांतली एक मुलगी सांगते. पहिलीत आली, कोपऱ्यात बसायची, तोंडातून शब्द नाही. नाव विचारलं तर खाली बघायची. मराठीतून विचारून झालं, हिंदीतून झालं. स्टाफरूममध्ये ठरूनच गेलं होतं की काहीतरी कमी आहे, दिव्यांग तपासणीच्या यादीत नाव टाकू. एक दिवस मधल्या सुट्टीत चौथीतला एक पोरगा खिचडीचं ताट घेऊन तिच्याशेजारी बसला आणि छत्तीसगढीत म्हणाला, “तोर नाव का हे?” आणि ती बोलायला लागली. नुसतं नाव नाही, लहान भावाचं सांगितलं, गावच्या बकरीचं सांगितलं, रेल्वेत कोणाला उलटी झाली तेही सांगितलं. त्या पोराला खिचडी खायला फुरसत मिळेना. तिच्यात काही कमी नव्हतं. आमच्या रजिस्टरमध्ये होतं.

आता निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेचं बघा. दुसरी संपताना मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचले पाहिजेत हे लक्ष्य आहे. लक्ष्याला माझा विरोध नाही. पण घरात मराठी असलेलं मूल आणि पारडीला येऊन सहा महिने झालेलं मूल, दोघांनाही तोच उतारा, तेच घड्याळ. दुसरं मूल मागे पडणारच. मग त्याच्या नावापुढे मागे पडल्याची नोंद होते. का मागे पडलं हे लिहायला जागा नाही, आणि जिथं लिहिता आलं असतं तिथं आपण आधीच ‘हिंदी’ लिहून मोकळे झालेलो असतो. वर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांच्यापर्यंत जातो तो आकडा ‘या शाळेत इतकी मुलं कच्ची’ एवढाच. मग उपाय येतो : जादा तास घ्या. तेही मराठीतूनच!

आणि ही झाली ज्यांचं नाव निदान नोंदलं गेलं त्यांची गोष्ट. यूडायसची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवणं, तीही त्याच तारखेच्या, आधार जुळलेल्या पटावर. विटभट्टी कधी सुरू होते? धान कापून झालं, दिवाळी झाली की माणसं निघतात आणि मे-जूनपर्यंत इथं असतात. म्हणजे ज्या मुलांना आपण ‘स्थलांतरित’ म्हणतो ती मोजणीच्या दिवशी आपल्या गावात असतात आणि आपल्या शाळेत असतात तेव्हा मोजणी झालेली असते. दिवाळीनंतर वर्गात आलेल्या पोरासाठी कोणी शिक्षक वाढवून देत नाही. त्यात आधारवरचं नाव एक, गावच्या शाळेतलं दुसरं, जन्मतारीख तिसरीच. यूडायसवरचा मुलाचा कायमचा ‘पेन’ क्रमांक टाकला तर तिकडच्या शाळेनं त्याला ऑनलाइन अजून सोडलेलं नाही. मुख्याध्यापक हात जोडतात : बसवा वर्गात, पण ऑनलाइन दिसणार नाही. कायदा म्हणतो दाखल्यासाठी प्रवेश अडवू नका, आणि आम्ही अडवतही नाही. पण न दिसणाऱ्या मुलाचं पुस्तक, गणवेश आणि खिचडीचा हिशेब कुठून दाखवायचा ते कायद्यात लिहिलेलं नाही.

4 जुलै 2015 आठवतो का? राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं शोधायची होती, सापडलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची होती. आम्ही सगळे फिरलो. जुलैत! भट्ट्या थंड, झोपड्या रिकाम्या, लोक धानाच्या रोवणीला गावी गेलेले. ज्यानं कोणी ती तारीख ठरवली त्यानं आयुष्यात भट्टी पाहिली नसावी.

स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, हे मला माहीत आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात त्याचं नाव घेतात. पण ते आपल्या राज्याचं. बालाघाटहून येणाऱ्या पोराच्या दप्तरात ते कुठून असणार?

गंमत अशी की भाषिक अल्पसंख्याक हा शब्द नागपूरला नवा नाही. उलट हे शहर उभंच त्यावर राहिलं. मध्य प्रांताची राजधानी, अर्धा कारभार हिंदी तर अर्धा मराठी. बंगाल नागपूर रेल्वेबरोबर बंगाली आले, कामठीच्या छावणीबरोबर तमिळ-तेलुगू, फाळणीनंतर जरीपटक्यात सिंधी. प्रत्येकानं आपापली मंडळं काढली, शाळा काढल्या, चांगल्या चालवल्या. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार रचनेत नागपूरची राजधानी गेली, आणि त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद 350 क आणला : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं पुरेशा सोयी करायचा प्रयत्न करावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये पुन्हा तेच, ‘शक्य असेल तिथवर’ हे शब्द जोडून. कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी. कागदावर काय नाही हो आपल्याकडे!

पण प्रत्यक्षात भाषिक अल्पसंख्याक कोण? संस्था. मंत्रालयातून तसं प्रमाणपत्र मिळतं ते संस्थेला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या टी.एम.ए. पै निकालानं भाषिक अल्पसंख्याक राज्यनिहाय ठरवायचे म्हटलं ते संस्थांच्या हक्कांच्या संदर्भात. 2014 च्या प्रमती निकालानंतर अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर गेल्या, म्हणजे गरीब-वंचित मुलांसाठी 25 टक्के जागा ठेवण्याचा प्रश्नच मिटला. त्यामुळे प्रमाणपत्राला भाव आहे, त्याच्यासाठी वकील लागतात, चकरा होतात. माझ्या वर्गातल्या पोवारी बोलणाऱ्या पोराला मात्र यातलं काहीच लागू नाही, कारण त्याची संस्था नाही. यूडायसमध्ये ‘अल्पसंख्याक’ असा रकाना आहे, पण तो धर्माचा. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन. भाषेनं अल्पसंख्य असलेलं मूल त्यात ‘लागू नाही’ होतं.

आता थोडं परक्या देशाचं. माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलानं इथं धरमपेठेत इंग्रजी शाळेत नर्सरी केली होती. तिकडे नाव घालताना फॉर्मवर विचारलं, मूल आधी कोणती भाषा शिकलं, घरात कोणती बोलता. हिनं सरळ मराठी लिहिलं. झालं! पोराची चाचणी घेतली आणि इंग्रजीच्या मदत-वर्गात घातलं. घरात सुतक पडल्यासारखं वातावरण. मावशी मला फोनवर म्हणते, “काहून वो, आपल्या पोट्ट्याले इंग्रजी येत नाही म्हणतात तिथं!” दोन वर्षांत पोरगं त्यातून बाहेर पडलं. पण पुढच्या बहिणींना हिनं सल्ला काय दिला? फॉर्मवर इंग्रजी लिहा.

तरीही त्या व्यवस्थेतलं एक मला पटतं. तिकडे नोंद झाली की शाळेच्या गळ्यात काम पडतं. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे 1,800 चिनी मुलांच्या बाजूनं, लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात, त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, मुलांना भाषाच कळत नसेल तर, असा त्याचा आशय. आज मूल दाखल झाल्यावर 30 दिवसांत चाचणी घ्यावी लागते, दर वर्षी प्रगती तपासावी लागते, आणि अशी मुलं किती यावर राज्याला केंद्राचा पैसा ठरतो. परदेशात जन्मलेलं आणि तिथल्या शाळेत तीन वर्षं पूर्ण न झालेलं मूल वेगळं मोजतात. आणि 1982 च्या टेक्सासमधल्या प्लायलर खटल्यापासून, कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेबाहेर ठेवता येत नाही. सगळं गोड आहे असं नाही. शिक्का बसलेली काही मुलं वर्षानुवर्षं त्याच वर्गात अडकतात. पण तिथं भांडण मोजलेल्या मुलाला काय मिळालं यावर होतं. आपण अजून खिडकीवरच.

इथं काही जण लगेच म्हणतील, मॅडम, हिंदीची तरफदारी करता का? 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर 16 एप्रिलला आला, जूनमध्ये बदलला, 29 जूनला मागे घेतला गेला. फेसबुकवर रण पेटलं होतं. मीही विरोधातच होते, पहिलीच्या पोरांवर तिसरी भाषा कशाला? पण त्या सगळ्या गदारोळात एकाही बाजूनं विचारलं नाही की महाराष्ट्रातल्या शाळांत मराठीही घरची नाही आणि हिंदीही घरची नाही अशी मुलं किती. विचारलं असतं तरी खरा आकडा कुठून आला असता? आम्हीच तो खिडकीत बुडवलेला. मराठी टिकावी असं वाटणाऱ्यांना तर ही माहिती आधी हवी. त्या मुलीनं मराठी शिकावी हीच माझी इच्छा आहे, आणि ती शिकलीही. चौथीतल्या त्या पोराला शेजारी बसवल्यावर.

दुसरी भीती जास्त खरी आहे. विचारायला गेलं की लोक घाबरतात. जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी हिंदू सिंधी कुटुंबं आहेत. तिथं शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या वर्गात असा मुलगा होता. मूल भारतीय नागरिक आहे की नाही हे फॉर्म विचारतो, बरोबर भरलं गेलं. पण तो सिंधमध्ये उजवीकडून डावीकडे लिहायला शिकला होता आणि देवनागरीचं एक अक्षर त्याला लागत नव्हतं, हे लिहायला कुठंच जागा नाही. म्हणजे पोलिसांना उपयोगी पडेल ते शाळेला ठाऊक, बाईंना उपयोगी पडेल ते नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की कुठून आलात, कागद कोणते, हे वेगळं ठेवा आणि भाषेचं वेगळं विचारा. वर्गातल्या बाईंनी विचारा, खिडकीतून नको. आईशी घरी काय बोलतोस? आजीशी? याआधी कोणत्या लिपीत वाचलंस? एवढं पुरतं. आणि 30 सप्टेंबरसोबत जानेवारीत आणखी एक मोजणी करा, नुसती उशिरा आलेल्यांची. त्यावर शिक्षक नका देऊ हवं तर, निदान गोष्टींची चार पुस्तकं त्या भाषेत द्या. छत्तीसगढ सरकारनं छापलेली मागवली तरी चालतील.

आमच्या मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं. तूर्त एक साधी दोनशेपानी वही केली आहे. पहिलीपासून चौथीपर्यंत, नाव, घरची भाषा, येण्याचा महिना, जाण्याचा महिना, आणि त्याची भाषा बोलणारं वरच्या वर्गातलं मूल कोण. सर वही चाळून म्हणाले, “चांगलं आहे, ठेवा. फक्त यावर शाळेचा शिक्का मारू नका, तपासणीत कोणी विचारलं तर हे कोणत्या जीआरप्रमाणे म्हणून सांगू?”