तार तुटलेलीच, तक्रार मात्र ‘मिटली’!

च्यायला, ह्या ब्रॉडबँडवाल्यांना तार जोडायला वेळ नाही, पण तक्रार बंद करायला कसा मिळतो हो? मेसेज आला, ‘आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे.’ कुणी केलं? कधी केलं? इथं कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या ऑफिसात त्या डबड्यावर एलओएसचा लाल दिवा तसाच लुकलुकतोय!

लाल दिवा म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही. तरी फोनवरची पोरगी म्हणते, ‘सर, राउटर एकदा बंद करून चालू करा.’ अहो ताई, कोपऱ्यावर ड्रेनेजसाठी जेसीबीनं रस्ता उकरलाय, तुमच्या केबलीचं टोक त्या चरात लोंबतंय, मी डोळ्यांनी बघून आलोय. ‘तरी एकदा करून बघा ना सर.’ डोस्कं फिरतं!

आणि हे कधी? तर २० तारखेच्या तोंडावर. व्यापाऱ्यांची जीएसटीची महिन्याची ३बी रिटर्नं मी भरायची, ते फोनवर फोन करतायत, आणि मी मोबाईलचं हॉटस्पॉट खिडकीत ठेवून ओटीपीची वाट बघतोय. रिटर्न चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज. तिथं दिवस कसे चोख मोजतात! कंपनीचे दिवस मात्र कुणी मोजायचे?

नियम नाही असं नाही. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ साली नवे नियम काढले, फिक्स्ड लाईनचा बिघाड तीन दिवसांत काढला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची. म्हणूनच तक्रार अशी पटापट ‘मिटते’ असा माझा सरळ संशय आहे. जुनं तिकीट, म्हणजे तक्रारीचा नंबर, बंद, नवीन टाका, मोजणी पुन्हा पहिल्यापासून! अपील करा म्हणतात. अपील ऐकणारा अधिकारी कुणाचा? कंपनीचाच. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार निकाली काढत नाही. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्यात राव.

कंपनीला विचारा, ती महापालिकेकडं बोट दाखवते. महापालिका ठेकेदाराकडं. खणण्याआधी खाली कुणाची केबल आहे हे कळावं म्हणून केंद्रानं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप काढलंय. आमच्या कोपऱ्यावरच्या जेसीबीवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘कसलं ॲप?’

शेवटी एक पोरगा आला, मशीनची पेटी खांद्याला. केसाएवढी काच सोलली, पुसली, नीट कापली, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरली, ठिणगी पडली, जोड झाला, वर स्लीव्ह चढवली. चहा गार व्हायच्या आत काम खलास! त्याच्यावर माझा राग नाही. ठेकेदाराचा माणूस, अख्ख्या भागाला ते एकच मशीन. म्हणाला, ‘नवीन कनेक्शन आधी जोडा म्हणून वरनं सांगतात, दादा.’ ऐकलंत? जुन्या गिऱ्हाईकानं बोंबलत बसायचं.

स्पेक्ट्रमचे पैसे, एजीआरची, म्हणजे कमाईतल्या सरकारी वाट्याची, थकबाकी, कंपन्यांचं रडगाणं ठाऊक आहे. खोटं नाही ते. पण जुलै २०२४ ला तिन्ही बड्या खासगी कंपन्यांनी मोबाईलचे दर वाढवले तेव्हा कुणाला तिकीट टाकावं लागलं नाही! देशात तारेवरची कनेक्शनं जेमतेम चार कोटींच्या वर, घरं त्याच्या कितीतरी पट. धंदा पडलाय समोर. पूर्वी गल्लीतला केबलवाला पावसातही शिडी घेऊन यायचा, कारण त्याला संध्याकाळी त्याच गल्लीत तोंड दाखवायचं असायचं. असा एक माणूस आणि एक मशीन दर दोन-चार गल्ल्यांना ठेवा, अख्खी राजारामपुरी तुमची. जाहिरातीचे फलक नकोत.

पण नाही. तार जोडून पोरगा जिना उतरतोय तोवर त्याच कंपनीचा फोन, ‘सर, आमचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणार का?’ आधी बंद होतं तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातनं वजा करा म्हटलं, तर फोन कट!