यातला आपला कोणता?

टीव्हीवर कोणताही खेळ लागला की आमचे बाबा एकच प्रश्न विचारतात, "यातला आपला कोणता?" पोहणं असो, सायकली असोत, नाहीतर घोड्यावर बसून उड्या मारणं असो. दहातल्या नऊ वेळा मला सांगावं लागतं, "यात आपला कोणी नाही, बाबा."

"मंग काहून पाहून राह्यला?"

याचं उत्तर मी देत नाही, कारण ते लाजिरवाणं आहे. आपला असतो तेव्हा मला दिसत नाही. गेल्या सदतीस-अडतीस वर्षांत या देशात खेळातलं जे काही मोठं घडलं, त्यातलं एकही मी घडताना पाहिलेलं नाही. सगळं नंतर पाहिलं, नाहीतर ऐकलं.

सुरुवात झाली १९८७ साली. वर्ल्ड कपची मॅच चक्क नागपुरात होती, ३१ ऑक्टोबरला, न्यूझीलंडसोबत. आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला, नागपूर म्हणजे एसटीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. गावात टीव्ही एकच, वाड्यात, आणि त्याच्यात चित्र कमी, मुंग्या जास्त. अँटेना हलवायला अंगाने हलका म्हणून मला कौलांवर चढवलं. तिथे एक शोध लागला. मी पाइप हातात धरला की चित्र स्वच्छ यायचं, सोडला की मुंग्या. मग काय, मला खाली येऊ देतो कोण!

"दिसून राह्यलं का?" मी वरून ओरडायचो.

"दिसून राह्यलं! तू हलू नको बे. तू हलला का गावस्कर हलते!"

त्या दिवशी चेतन शर्माने वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली, तिन्ही त्रिफळाचीत. पुढे गावस्करने आपलं वनडेतलं एकमेव शतक ठोकलं, ८८ चेंडूंत नाबाद १०३. दोन्ही वेळा खालून आरोळी उठली आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर होतं शेजारच्या गोठ्याचं छप्पर आणि त्यावर वाळत घातलेल्या शेवया. गावस्करचं शतक गावाला माझ्या अंगातून पोचलं, एवढंच काय ते माझं योगदान.

टोकियोचं ऑलिम्पिक तर आमच्या सोयीचं होतं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे सगळं उजेडातच. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला तेव्हा मी पाठीवर पंप घेऊन सोयाबीनवर फवारणी करत होतो. गावातून फटाके ऐकू आले. मला वाटलं, कोणाची तरी सोयरीक जमली.

आमच्या विदर्भाचा, नागपूरचा ओजस देवतळे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत या पोराने तिरंदाजीत तीन सुवर्णं आणली, तीन! मी ती तिन्ही स्क्रीनच्या खालच्या पट्टीत वाचली. वरती त्या वेळी सूट घातलेली चार माणसं क्रिकेटबद्दल बोलत होती.

आता क्रिकेटचंच घ्या. २००७ चा कायदा आहे, की देशाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मॅचचं चित्र खासगी वाहिनीने दूरदर्शनला द्यायचं. वाचून छाती फुगते. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यावरून आणि फुकटच्या डिशवरून दाखवा, केबलवाल्यांना आणि पैसेवाल्या डिशना देऊ नका. कोर्टाचं बरोबरच असेल, ज्याने लाखो-करोडो मोजले त्याचा धंदा का बुडवावा. पण आमच्या गावात त्याचा अर्थ असा झाला, की दर महिन्याला रिचार्ज मारणारा मी दूरदर्शन लावून पाटी वाचतो, आणि एक रुपयाही न भरणारा पानठेलेवाला आपल्या फुकटच्या छत्रीवर तीच मॅच पाहतो. खेळाच्या वाहिनीचं वेगळं पॅकेज असतं म्हणे. ते मी घेणारच होतो, पण जून महिना होता आणि घरात पैसा आला की बियाण्याच्या दुकानात जात होता.

तर २९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, बार्बाडोस. मी पानठेल्यावर. अडचण एकच होती. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातला टीव्ही आमच्यापेक्षा तीन-चार सेकंद पुढे चालायचा. इकडे बॉलर धावायला लागायचा आणि तिकडे "गेलाऽऽ" व्हायचं. आमच्यासाठी प्रत्येक बॉल म्हणजे आधी निकाल, मग खटला. शेवटची ओव्हर, त्यांना सोळा हव्या, समोर दक्षिण आफ्रिकेचा मिलर. हार्दिक पांड्या धावायला लागला आणि हॉटेलातून जी आरोळी आली ती रडण्याची की आनंदाची हेच कळेना. ते बघायला मी मान तिकडे वळवली. मान परत आणेपर्यंत सूर्यकुमार सीमारेषेवर कॅच घेऊन मोकळा झाला होता. नंतर तो कॅच मी पन्नास वेळा पाहिला, वरून, खालून, हळू करून. पण ते म्हणजे लग्नाला न जाता अल्बम पाहण्यासारखं झालं.

म्हणून पॅरिसच्या वेळी मी ठरवलं, या खेपेला चुकायचं नाही. खेळाचं पॅकेज टाकलं. सौभाग्यवतीला सांगितलं की कृषी कार्यक्रमाचं आहे. पॅरिस साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडचं रात्रीचं आपल्याकडे मध्यरात्री. पेपरातलं वेळापत्रक कापून कॅलेंडरच्या मागे चिकटवलं आणि दोन ठिकाणी लाल पेनाने गोल केला. अविनाश साबळे, स्टीपलचेस, ८ ऑगस्ट, १.१३. नीरज चोप्रा, भालाफेक, ८ ऑगस्ट, ११.५५. एकाच रात्रीत दोन्ही! स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. मांडव्याचा साबळे म्हणजे बीडकडचा, आपल्याच मातीतला. बाबांना त्याचं फार. "थो उड्या मारत पळते तो पोट्टा ना?" असं म्हणून ते दुपारीच झोपून घ्यायला लागले.

गावात त्या दिवशी वातावरण तापलेलंच होतं. आदल्या दिवशी कुस्तीतली विनेश फोगाट शंभर ग्रॅम वजनापायी बाद झाली होती आणि पारावर सकाळपासून तेच. आमच्याकडे कापसाच्या क्विंटलमागे काटा दोन-दोन किलो खाऊन जातो, कोणी हूं करत नाही, त्यामुळे शंभर ग्रॅम ही गोष्ट कोणाच्या डोक्यात बसेना. संध्याकाळी हॉकीवाल्यांनी स्पेनला २-१ हरवून ब्राँझ घेतलं. तो सामना मात्र मी पूर्ण पाहिला असता, पण नेमकी त्याच वेळी म्हैस सुटली.

रात्री साडेअकराला मी टीव्हीपुढे. बाबा खाटेवर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. बाहेर पावसाची झड. आमच्या छत्रीला पाऊस सोसत नाही, जरा जोर धरला की चित्राचे चौकोन होतात. पण त्या रात्री छत्री शहाण्यासारखी वागली.

११.५५. भाला सुरू झाला. नीरजची पहिली फेक फाउल. आणि बरोबर बाराच्या ठोक्याला कॅमेरा भाला सोडून निघाला. दोनशे मीटरची फायनल होती म्हणे. बोट्सवानाचा टेबोगो १९.४६ सेकंदांत पळाला. त्याच्या देशाचं ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण, मलाही बरं वाटलं. पण मग तो झेंडा घेऊन फिरला, गुडघ्यावर बसला, उठला, पुन्हा फिरला.

"यातला आपला कोणता?" बाबा.

"यात नाही, बाबा. आपला तिकडे मागे आहे, दिसून नाही राह्यला."

आमच्या शाळेतल्या गुरुजींनी मला एकदा समजावलं होतं, की ऑलिम्पिकचं चित्रण जगभरासाठी ओबीएस नावाची एकच संस्था करते. आपल्याकडचे लोक त्यांनी पाठवलेल्यातून निवडून दाखवतात. म्हणजे कॅमेरा आपला नाही, कॅमेरामनही आपला नाही. पंगतीत वाढपी परक्या गावचा असला की जिलबी आपल्यापाशी येईस्तोवर ताट रिकामं होतं, तशातली गत. पण मला सांगा, मधेमधे जाहिराती घुसडणारे तर आपलेच होते ना? पाकिस्तानचा अर्शद नदीम दुसऱ्या फेकीसाठी उभा राहिला आणि आमच्याकडे अंतर्वस्त्राची जाहिरात लागली. जाहिरातीतला पोरगा बनियन घालून गुंडांना लोळवत होता. तो लोळवून झाल्यावर पाहतो तर पडद्यावर आकडा, ९२.९७. ऑलिम्पिकचा विक्रम!

आता नीरज. पट्टीपाशी उभा. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला सांगतोय. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या. त्याने भाला उचलला, धावायला सुरुवात केली, पाय आडवे पडायला लागले, आणि—

लाइन गेली.

पूर्ण गाव अंधारात. एक क्षण कोणी काही बोललं नाही. मग गावाच्या चारी बाजूंनी ज्या शिव्या उठल्या, त्या ऐकून मला पहिल्यांदा कळलं की गावात किती लोक जागे होते.

लाइनमनला फोन लावला. "डीपीवर फॉल्ट हाये भाऊ. पाणी थांबल्याबिगर खांबावर चढता येत नाही." त्याचंही खरं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "किती फेकला?" त्याचा टीव्हीही आमच्याच डीपीवर.

मोबाइलवर पाहायचं तर रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. एका हातात छत्री, म्हणजे पावसाची, दुसऱ्या हातात फोन, असा मी टाकीवर चढलो. फोनवर एक गोल फिरत होता. फिरला, फिरला, नीरजचा हात मागे गेलेला दिसला, आणि गोल पुन्हा फिरायला लागला. कौलांवरून टाकीवर यायला मला सदतीस वर्षं लागली, दिसणं मात्र तेवढंच. शेवटी यवतमाळवरून साळ्याचा मेसेज आला: "८९.४५. सिल्वर. बाकी पाचही फाउल. भावजी, पाहिलं का??"

पाहिलं म्हणून अंगठा पाठवला.

खाली आलो, अंग पुसलं. म्हटलं असू दे, साबळे बाकी आहे. १.१३. कंदील लावून बसलो. एक वाजून दहा मिनिटांनी लाइन आली. टीव्ही लागला. ट्रॅकवर माणसं उभी, समोर अडथळे मांडलेले. पण पाण्याचा खड्डा कुठे दिसेना. मी कॅलेंडर काढलं, लाल गोल पाहिला, मग डोकं धरून हिशेब केला. ८ ऑगस्ट, १.१३ म्हणजे आठ तारीख उजाडायच्या आधीचं १.१३. म्हणजे कालची रात्र. काल रात्री साबळे पळाला, अकरावा आला, आणि मी त्या वेळी लवकर झोपलो होतो, उद्या जागायचं आहे म्हणून.

समोर होती एकशेदहा मीटर अडथळा. गोळी झाली, सगळे उड्या मारत सुटले. अमेरिकेचा होलोवे सगळ्यांच्या पुढे निघाला. बाबा खाटेवर उठून बसले. चांगला डोळा टीव्हीकडे, दुसरा मिटलेला.

"थो पुढचा, उड्या मारून राह्यला, थो आपला ना?"

मी काहीच बोललो नाही.

"पयला आला ना बे!"

"आला, बाबा. झोपा आता."

बाबांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि पांघरूण ओढून घेतलं.