खुलासा: ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ हा नियम फक्त इस्लामचा नाही

‘डोळ्याच्या बदल्यात डोळा हा कुराणाचा कायदा, ख्रिस्ती धर्मात मात्र शिक्षाच नाही, फक्त क्षमा,’ असा संदेश फिरतो आहे. त्यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

हे शब्द बायबलच्या जुन्या करारात, निर्गम 21:24 मध्ये आहेत. कुराणात (5:45) त्यांचा उल्लेख येतो तो तौरातमधला (ज्यूंच्या धर्मग्रंथातला; निर्गम हा त्याचाच भाग) हुकूम म्हणूनच. आणि लगेच पुढे म्हटलं आहे, की जो बदला घेण्याचा हा हक्क सोडून देईल त्याच्यासाठी ते पापाचं प्रायश्चित्त ठरेल. संदेशात नेमकं हेच वाक्य गाळलं आहे, याचं मला फार वाईट वाटतं. खुनाच्या बाबतीतही (2:178) मृताच्या वारसांना माफ करण्याची मुभा आहे. मग गुन्हेगाराने ‘दिया’, म्हणजे भरपाई द्यायची.

येशूने बायबलच्या नव्या करारात, मत्तय 5:38-39 मध्ये सूड नाकारला, हे खरंच. पण त्याच नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (13:4) शासनकर्ता ‘तलवार उगाच धारण करत नाही’ असंही आहे, आणि त्याच्याच आधारे अनेक ख्रिस्ती राज्यांनी शतकानुशतकं फाशी दिली. मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य, असं कॅथॉलिक चर्चने आपल्या अधिकृत धर्मशिक्षणात लिहिलं ते 2018 साली, पोप फ्रान्सिस यांच्या काळात.